शुद्धी कोणाची? शरीराची की खनिजाची?

"नैसर्गिक मिनरल घ्या, शरीरातलं विष बाहेर पडेल." हे वाक्य हल्ली रोज कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी नवीन संशोधन आलंय. मंडळी, नवीन काही नाही. मुंबईत ही कल्पना किमान दोनशे वर्षं फिरतेय. खनिज बदललं, विकणारा बदलला, बाटली बदलली. एक गोष्ट मात्र मधल्या काळात चक्क उलटी झाली आणि ती आपल्या लक्षातच आली नाही. त्याबद्दल ही पोस्ट. जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी माझा संबंध सांगतो. मी नाहूरचा. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं आमचं स्टेशन २००६ साली झालं. त्याआधी "भांडुपला राहता की मुलुंडला?" या प्रश्नाला उत्तर देताना आम्ही अडखळायचो. या पट्ट्यात एलबीएस रोडच्या कडेने तेव्हा कारखाने होते, त्यात औषधांचेही होते. अशाच एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये माझी २६ वर्षं गेली. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. आयुष्यभर एकच काम केलं : बाटलीवर जे लिहिलंय ते आत आहे का, आणि जे लिहिलेलं नाही ते आत नाही ना, हे बघायचं. इतिहासाकडेही त्याच सवयीने बघतो.

१. जुने वैद्य खनिजाला घाबरून होते

धातू आणि खनिजं औषधात वापरायची आपली परंपरा जुनी. चरकसंहितेत शिलाजीत आहे, लोह आहे. पुढे मध्ययुगात पारा, गंधक, अभ्रक, तांबं, शिसं, जस्त यांवर स्वतंत्र ग्रंथ झाले आणि रसशास्त्र ही वेगळी शाखाच उभी राहिली. हे ग्रंथ छापील स्वरूपात आले त्यात आपल्या भागाचा वाटा मोठा. 'रसरत्नसमुच्चय' पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली छापला. मुंबईत वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य (१८८१-१९५६) यांनी रसग्रंथांच्या पोथ्या मिळवून, त्या संपादून छापल्या. पनवेलला १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा औषधी कारखाना सुरू केला. धूतपापेश्वर म्हणजे पाप धुऊन टाकणारा. राजापूरजवळ या नावाचं शंकराचं देऊळही आहे.

आता गंमत बघा. 'शोधन', म्हणजे शुद्धी, हा शब्द या ग्रंथांत पानोपानी येतो. पण ही शुद्धी रोग्याच्या शरीराची नसून धातूची आहे.

तांब्याचे किंवा लोखंडाचे पातळ पत्रे लालबुंद तापवायचे आणि तिळाच्या तेलात विझवायचे. एकदा नाही, सात वेळा. मग तसंच ताकात, गोमूत्रात, कांजीत, कुळथाच्या काढ्यात. हे झालं फक्त सामान्य शोधन. त्यानंतर त्या त्या धातूचं विशेष शोधन. मग वनस्पतींच्या रसात खलून टिकल्या करायच्या, त्या वाळवायच्या, मातीच्या दोन परळांत बंद करायच्या, सांधा कापडमातीने लिंपायचा आणि शेणाच्या गोवऱ्यांनी भरलेल्या खड्ड्यात भाजायच्या. याला पुट म्हणतात. अभ्रकाला शंभर शंभर, अगदी हजार पुटंही देतात. 'सहस्रपुटी' हे नाव तिथून आलंय.

एवढं करूनही विश्वास नाही. पुढे परीक्षा. भस्म बोटांच्या चिमटीत घासलं तर रेषांमध्ये जाऊन बसलं पाहिजे (रेखापूर्ण). पाण्यावर टाकलं तर तरंगलं पाहिजे (वारितर). उन्हात धरल्यावर धातूची चकाकी दिसता कामा नये (निश्चंद्र). विशिष्ट पदार्थांबरोबर पुन्हा तापवलं तरी मूळ धातू परत दिसता कामा नये (अपुनर्भव). ताम्रभस्म दह्यात टाकून ठेवायचं, दही हिरवट झालं तर भस्म फेकायचं. अशुद्ध तांबं विषाहून वाईट, असं हे ग्रंथ सांगतात आणि त्याचे आठ दोष मोजून दाखवतात. शिलाजीतसुद्धा डोंगरातून काढलं आणि चाटलं असं नाही. ते गरम पाण्यात किंवा त्रिफळ्याच्या काढ्यात विरघळवून, गाळून, आटवून घ्यायचं.

लॅबमधल्या माणसाला हे वाचताना ओळखीचं वाटतं. ही त्या काळची क्वालिटी कंट्रोलच आहे.

शरीराची शुद्धीही आयुर्वेदात आहे, पंचकर्म म्हणतात ती. पण तिथे मुख्य भर वनस्पती, तूप, तेल आणि काढे यांवर, आणि समोर वैद्य बसलेला.

हे सांगून मी रसशास्त्राची वकिली करत नाहीये. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. त्याला कितीही पुटं द्या, शिशाचं रूप बदलेल पण मूलद्रव्य शिसंच राहील, आणि शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या वैद्यांकडे रक्तातलं शिसं मोजायचं साधन नव्हतं. पण त्यांचा पहिला प्रश्न बरोबर होता : हे खनिज पोटात जाण्याच्या लायकीचं झालंय का? आजची जाहिरात हा प्रश्न विचारतच नाही. ती विचारते : तुमचं शरीर शुद्ध आहे का? संशय खनिजावरून उठला आणि गिऱ्हाइकाच्या शरीरावर जाऊन बसला. मी म्हणतो ती उलटी झालेली गोष्ट हीच.

२. कंपनी सरकारचं डिटॉक्स

आता कोणी म्हणेल, हे आपल्याच लोकांचं खूळ. तसं नाही. ऑगस्ट १८१८ मध्ये पटकीची साथ मुंबईत पोहोचली. पटकी म्हणजे कॉलरा. बंगालमध्ये ती आदल्या वर्षी भडकली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरांकडे त्यावरचं मुख्य औषध काय होतं? अफूचा अर्क आणि कॅलोमेल. कॅलोमेल म्हणजे पारा आणि क्लोरीन यांचं संयुग, पांढरी पूड. काही जण जोडीला शीर कापून रक्तही काढत.

कॅलोमेल कशाला? तर ते जबरदस्त रेचक. शरीरातलं दूषित पित्त बाहेर काढलं की रोग जातो, अशी त्या काळच्या युरोपीय वैद्यकाची पक्की समजूत. म्हणजे ज्या माणसाच्या अंगातून काही तासांत कित्येक लिटर पाणी आणि क्षार वाहून चाललेत, त्याला आणखी बाहेर काढायचं औषध. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हाचे डॉक्टर मूर्ख नव्हते, दुष्टही नव्हते. 'रोग म्हणजे आत साठलेली घाण' ही कल्पना त्यांच्या डोक्यात इतकी घट्ट होती की समोर काय वाहून जातंय ते दिसेना.

यात एक तपशील फार महत्त्वाचा. कॅलोमेल जास्त दिलं की हिरड्या सुजायच्या आणि तोंडातून सतत लाळ गळायची. ही पाऱ्याची विषबाधा. पण डॉक्टर म्हणायचे, चला, औषध लागू पडलं, घाण बाहेर पडतेय! आजचा मिनरल विकणारा काय म्हणतो? "पहिले काही दिवस डोकं दुखेल, जुलाब होतील, पुरळ येईल. घाबरू नका, टॉक्सिन बाहेर पडतायत." हाच तो युक्तिवाद. आणि तो फार धोकादायक, कारण त्यात औषधाचं चुकणं हीच औषधाच्या यशाची खूण ठरते. मग माणूस थांबणार कधी?

कॅलोमेलला थांबायला फार वेळ लागला. इंग्लंडमध्ये बाळांना दात येताना द्यायच्या पुडीत ते १९५० च्या दशकापर्यंत होतं. त्या पुडीने बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटायचे, त्या दुखण्याला 'पिंक डिसीज' म्हणत. १९५४ मध्ये पुड्यांतून कॅलोमेल काढलं आणि तो आजारच जवळजवळ नाहीसा झाला.

३. मीठ, साखर, पाणी

याच पटकीच्या गोष्टीत खनिजांची खरी थोरवीही आहे, म्हणून ती पुढे सांगतो.

इंग्लंडमध्ये पटकी पोहोचली तेव्हा, १८३१ च्या अखेरीस, विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने एक साधी गोष्ट केली. त्याने रोग्याचं रक्त तपासलं. त्याला दिसलं की रक्तातलं पाणी आणि क्षार प्रचंड कमी झालेत. म्हणजे काही आत साठलेलं नाही, उलट आतलं गेलंय. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने भारतात तार यंत्रणा उभारली.) १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटाने रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडून काहींना वाचवलंही. पण तेव्हाच्या वैद्यकाने ते बाजूला टाकलं.

मग थेट १९७१. बांगलादेश युद्धातले निर्वासित, पश्चिम बंगालमधल्या बनगावचा तळ, पटकीची साथ आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटं भरली, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेच आजचं ओआरएस. आज केमिस्टकडे मिळणाऱ्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आमच्या मुलुंड पूर्वेला मिठागर रोड आहे. आता तिथे मिठापेक्षा माणसं जास्त, पण नाव राहिलंय. त्याच मिठात आयोडीन घालून गलगंडाशी लढाई झाली. आशाताई गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देतात. या सगळ्यात खनिज शरीरातून काही 'काढत' नाही. जे कमी आहे ते भरून देतं. काय कमी आहे हे माहीत असतं आणि किती द्यायचं ते मोजलेलं असतं. खनिजांनी लाखो जीव वाचवले ते असे.

४. बोस्टनची दुकानं

डॉ. रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी बोस्टन भागातल्या भारतीय-दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १४ मध्ये, म्हणजे दर पाचात एका उत्पादनात, शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने अशी औषधं घेतल्यावर शिशाची बाधा झालेल्या १२ प्रौढांची नोंद प्रसिद्ध केली.

आपल्याकडे लगेच दोन तट पडले. एक म्हणे, बघा, आयुर्वेद म्हणजे विष. दुसरा म्हणे, परदेशी कंपन्यांचं कारस्थान. सेपर यांनीच इंटरनेटवर विकली जाणारी १९३ उत्पादनं तपासून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा प्रमाण पुन्हा २१ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि अमेरिकेत बनलेली उत्पादनं भारतात बनलेल्यांपेक्षा काही चांगली निघाली नाहीत. म्हणजे प्रश्न देशाचा नव्हताच. माल न तपासता बाजारात जातो, हा प्रश्न होता.

इथे मुंबईचीच एक चांगली परंपरा सांगायला हवी. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीसारख्या औषधांवर आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्या लावून वर्षानुवर्षं काम केलं. परंपरेबद्दल आदर असणं आणि तिची तपासणी करणं यात भांडण नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

सरकारनेही पाऊल उचललं. १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतीजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली. निर्यात होणाऱ्या! आपल्या मुलुंड-भांडुपच्या गिऱ्हाइकाआधी बोस्टनच्या गिऱ्हाइकाची काळजी घेतली गेली, हे मला तेव्हाही खुपलं, आजही खुपतं.

५. क्लबहाऊसमधला टब

आता नाहूरला परत येतो. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एका 'वेलनेस' वाल्यांचा कार्यक्रम झाला. एका टबमध्ये कोमट पाणी, त्यात 'नॅचरल मिनरल सॉल्ट', एक छोटं यंत्र, आणि त्यात पाय बुडवून बसायचं. अर्ध्या तासात पाणी तपकिरी होतं. "बघा, तुमच्या शरीरातलं टॉक्सिन!" पुढे थेंबांची बाटली, तीन महिन्यांचा कोर्स.

आमच्या शेजारचे काका रांगेत पुढे होते. वय ७१, डायबेटिस, क्रिएटिनिन वाढलेलं. मी त्या मुलाला म्हटलं, "बाळा, एक कर. पुढचा टब कुणाचेही पाय न घालता चालू कर." तो म्हणाला, "काका, तसं मशीन चालत नाही." मी म्हटलं, "चालतं रे, मीठ घातलंय ना, चालेल." शेवटी बायकांनीच आग्रह धरला म्हणून त्याने केलं. वीस मिनिटांत पाणी तसंच तपकिरी. यंत्राची पट्टी लोखंडाची, मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजतं. तो गंज होता. पोरगा बिचारा कमिशनवर काम करणारा, त्याचा मला राग आला नाही.

त्याहून मोठी गंमत ऐका. मुंबईला पाणी शुद्ध करून देणारं भांडुप कॉम्प्लेक्स आमच्या उशाशी आहे. तलावांतून येणारं हे पाणी मुळात कमी क्षारांचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, जिथे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ वापरायला बंदी घालावी, असं म्हटलं होतं. आमच्याकडे घरोघर आरओ. म्हणजे आधी पैसे देऊन पाण्यातली खनिजं काढायची, मग पैसे देऊन थेंबांनी परत घालायची.

काकांचं काय झालं? त्यांनी बाटली आधीच घेतली होती. लेबलवर पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि 'ट्रेस मिनरल' असं लिहिलेलं, प्रमाण कुठेच नाही. आपल्या दोन किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. शरीराचा डिटॉक्स विभाग तो, सोबत यकृत. पण ज्याच्या किडन्या थकल्यात, त्याच्या रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे ज्याला विष बाहेर टाकण्याची सगळ्यात जास्त गरज वाटते, त्यालाच ही बाटली सगळ्यात घातक. काकू ती बाटली घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली.

६. मग आपण काय करायचं?

कायदा आहे. १९५४ चा जादूटोणा-औषध जाहिरात कायदा आहे. औषध कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, मोरचूद अशा द्रव्यांची यादी आहे. ती असलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. आणि फूड सप्लिमेंट म्हणून विकायचं असेल तर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहावं लागतं. गोम इथेच आहे. बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' आणि रीलमध्ये 'लिव्हर साफ, किडनी साफ'. अन्नाच्या खिडकीतून आत शिरायचं आणि औषधाच्या किमतीत विकायचं.

म्हणून चार गोष्टी :

लेबल पूर्ण वाचा. अन्नाचा परवाना आहे की आयुर्वेदिक औषधाचा? प्रत्येक खनिज किती मिलिग्रॅम ते लिहिलंय का? 'ट्रेस मिनरल' एवढंच असेल तर परत ठेवा.

विकणाऱ्याकडे त्याच बॅचचा जड धातूंचा रिपोर्ट मागा. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम. शिलाजीत आणि पोटात घ्यायची माती यांच्याबाबत तर नक्कीच. २०१६ मध्ये अमेरिकेत बेंटोनाइट मातीच्या उत्पादनांत शिसं सापडल्याचे सरकारी इशारे निघाले होते. 'नैसर्गिक' आहे म्हणून सुरक्षित, असं नसतं. शिसंही नैसर्गिकच आहे.

"त्रास होतोय म्हणजे काम होतंय" असं जो सांगेल त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आणि खरंच विषबाधेची शंका असेल, म्हणजे बॅटरीच्या किंवा रंगाच्या कामात आयुष्य गेलंय, किंवा भस्मं बरीच वर्षं घेतलीत, तर रक्त तपासा. शिसं शरीरातून काढायची औषधं आहेत, पण ती डॉक्टर देतात, रक्तातली पातळी बघून देतात, कारण ती गरजेची खनिजंही सोबत घेऊन जातात. शिसं हाडांत शिरलं की दशकानुदशकं मुक्काम करतं. ते थेंबांनी निघत नाही.

पनवेलच्या भट्टीपासून बनगावच्या पिंपापर्यंत ज्यांनी खनिज जबाबदारीने हाताळलं, त्यांनी आधी खनिजावर संशय घेतला किंवा आधी रोग्याला तपासलं. खनिजाला मोकळं सोडून फक्त शरीराला दोष देणारे तेवढे कॅलोमेलवाले.

तुमच्या घरात आई-बाबा, काका-काकू अशी एखादी बाटली घेत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, टिंगल करू नका. तब्येतीची काळजी आहे म्हणूनच त्यांनी ती घेतलेली असते. शेजारी बसून त्यांच्यासोबत लेबल वाचा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बाटली पिशवीत टाका. तुमच्या सोसायटीत असे कार्यक्रम झाले असतील तर कमेंटमध्ये लिहा. पोस्ट शेअर करायला विचारायची गरज नाही.